ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेज नव्हे : गाठीतल्या पेशी कुठे वाढतात, हे समजून घेऊ या

स्तनाच्या कर्करोगाचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला की घरातली माणसे त्यात एखादा आकडा शोधतात. ‘ग्रेड ३’ असे दिसले की लगेच ‘थर्ड स्टेज आहे, आता काही खरे नाही’ अशी कुजबुज सुरू होते. कुणी म्हणते गावाला घेऊन जाऊ, कुणी म्हणते कशाला तिचे हाल करायचे, कुणी एखाद्या बाबाचा पत्ता देते. ज्या बाईवर नीट उपचार झाले असते, ती या एका गैरसमजामुळे महिनोन्‌महिने घरात बसून राहू शकते.

आमच्या वाचकांत वस्त्यांमध्ये काम करणारे तरुण आहेत, विहारात येणाऱ्या उपासिकांसोबत दवाखान्यात जाणारे कार्यकर्ते आहेत. रिपोर्ट वाचून दाखवण्याची वेळ अनेकदा त्यांच्यावरच येते. म्हणून हा लेख. यात आम्ही फक्त एका गोष्टीबद्दल बोलणार आहोत : गाठीतल्या विभाजित होणाऱ्या पेशी. त्या किती आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या गाठीत नेमक्या कुठे आहेत.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. तेव्हा हा विषय डॉक्टरांपुरता ठेवून चालणार नाही.

स्टेज वेगळी, ग्रेड वेगळा

आधी मुख्य गोंधळ दूर करू. स्टेज म्हणजे रोग कुठपर्यंत पोहोचला. गाठ किती मोठी आहे, काखेतल्या गाठींत आजार गेला आहे का, हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या अवयवांपर्यंत गेला आहे का, यावरून स्टेज ठरते. तिचे चार टप्पे आहेत.

ग्रेड म्हणजे त्या गाठीचा स्वभाव. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात आणि किती वेगाने विभाजित होत आहेत, यावरून तो ठरतो. त्याचे तीनच प्रकार आहेत. एखाद्या ताईची गाठ अगदी लहान, काखेत काही नाही, म्हणजे पहिली स्टेज, आणि तरीही ग्रेड ३ असू शकतो. तिच्या बरे होण्याची शक्यता चांगली असते, मात्र उपचार लवकर आणि पुरे व्हायला हवेत. वेगाने वाढणाऱ्या गाठींवर केमोथेरपीचा परिणामही अनेकदा जास्त होतो, कारण केमोची बरीच औषधे विभाजित होणाऱ्या पेशींवरच घाव घालतात. ग्रेड ३ ऐकून हातपाय गाळण्याचे कारण नाही. घाई करण्याचे कारण मात्र नक्की आहे.

पेशी विभाजित होते म्हणजे काय

दहावीच्या विज्ञानात आपण सूत्री विभाजन शिकलो आहोत. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. पेशीच्या केंद्रकातली गुणसूत्रे दुप्पट होतात, मध्यावर रांगेत येतात, दोन टोकांना ओढली जातात आणि एका पेशीच्या दोन होतात. ही शेवटची क्रिया साधारण तासाभरात उरकते. त्याआधीची तयारी मात्र कितीतरी जास्त वेळ चालते.

निरोगी स्तनातही पेशी विभाजित होतात. दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या आणि ते वाहून नेणाऱ्या नळ्या यांच्या अस्तरात हे काम चालते. मासिक पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्याचे प्रमाण वाढते, नंतर पुन्हा कमी होते.

इथे जागेचा पहिला धडा मिळतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या काही पेशी या अस्तरात असतात. संदेश त्यांनाच मिळतो, तर विभाजनही त्यांचेच होत असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण १९९७ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या संशोधकांनी दाखवले की निरोगी स्तनात संदेश घेणारी पेशी आणि विभाजित होणारी पेशी बहुतेक वेळा वेगळ्या असतात. संदेश घेणारी पेशी शेजारणीला कळवते आणि शेजारीण विभाजित होते. त्यामुळे वाढीवर शेजाऱ्यांचा धाक राहतो. इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कर्करोगात ही व्यवस्था मोडते. संदेश घेणारी पेशी स्वतःच विभाजित होऊ लागते. निरोगी स्तन आणि कर्करोग यांतला फरक निव्वळ संख्येचा नाही. कोण कुणाशेजारी आहे आणि कोण विभाजित होते आहे, हेही त्यात बदललेले असते.

गाठीपासून काचपट्टीपर्यंत

विभाजित पेशी डॉक्टरांना दिसतात कशा? सुईने किंवा शस्त्रक्रियेने काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात. मग त्यातले पाणी काढून तो मेणाच्या चौकोनी ठोकळ्यात बसवतात. याला ब्लॉक म्हणतात. त्या ब्लॉकची तीन-चार मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ चकती कापून काचपट्टीवर घेतात आणि दोन रंग देतात. केंद्रके जांभळी-निळी होतात, बाकीचा भाग गुलाबी.

या काचपट्टीवर बहुतेक पेशींची केंद्रके गोल किंवा वेडीवाकडी दिसतात. मधेच एखाद्या पेशीत गुणसूत्रांचा गडद, केसाळ कडांचा पट्टा दिसतो, किंवा समोरासमोर दोन पट्टे दिसतात. ती विभाजित होणारी पेशी. पॅथॉलॉजिस्ट अशा पेशी डोळ्यांनी ओळखून मोजतात. मरणाऱ्या पेशीचे केंद्रकही आकसून गडद होते, त्यामुळे ओळखण्यात फसगत होऊ शकते. हे काम सरावाचे आहे.

तुकडा फॉर्मलिनमध्ये पडायला उशीर झाला तर ही फसगत वाढते. शरीरातून निघालेल्या तुकड्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. काही आपले विभाजन पुरे करतात, काही बिघडत जातात, आणि मग मोजणी कमी भरते. म्हणून तुकडा तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये जावा, असा जगभर संकेत आहे. फॉर्मलिन मांसात हळूहळू मुरते, तासाला साधारण एक मिलिमीटर. त्यामुळे मोठी गाठ तशीच बरणीत टाकून चालत नाही. ती कापून आतपर्यंत फॉर्मलिन पोहोचवावे लागते.

ग्रेड कसा ठरतो

लंडनचे ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ साली १४०९ रुग्णांच्या गाठी तपासून ग्रेडची एक पद्धत मांडली. पुढे १९९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी ती अधिक काटेकोर केली. आपल्याकडच्या रिपोर्टवर ‘मॉडिफाइड ब्लूम-रिचर्डसन’ किंवा ‘एमबीआर’ असे लिहिलेले असते, ती हीच पद्धत.

यात तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. पहिली, पेशी अजूनही नळ्यांसारखी रचना करतात का. दुसरी, केंद्रके किती बिघडली आहेत. तिसरी, विभाजित होणाऱ्या पेशी किती आहेत. परीक्षेत जास्त गुण चांगले, इथे उलटे. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, आणि ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३.

समजा, एका गाठीला नळ्यांसाठी ३ आणि केंद्रकांसाठी २ गुण मिळाले. आता विभाजनाला २ दिले तर बेरीज ७, म्हणजे ग्रेड २. तीन दिले तर ८, म्हणजे ग्रेड ३. एका गुणाने ग्रेड बदलला. आणि तो गुण अवलंबून आहे, पॅथॉलॉजिस्टने कुठे पाहिले यावर.

मोजायचे कुठे?

सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगातून एका वेळी जे गोल वर्तुळ दिसते, त्याला एक क्षेत्र समजू. नियम असा की अशी दहा क्षेत्रे मोजायची. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गाठीचा मधोमध काप घेतला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मिलिमीटर भरते. दहा क्षेत्रांचे क्षेत्रफळ वापरलेल्या सूक्ष्मदर्शकानुसार साधारण दीड ते तीन चौरस मिलिमीटर. म्हणजे त्या कापाचा एक टक्काही आपण मोजत नाही.

पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या असत्या तर कुठलाही एक टक्का चालला असता. तशा त्या नसतात. बऱ्याच गाठींच्या मध्यभागी व्रणासारखा घट्ट, पेशी कमी असलेला भाग असतो आणि विभाजन जास्त करून कडेला चाललेले असते, जिथे गाठ शेजारच्या निरोगी मांसात घुसते आहे. कडेलाही ते सलग नसते. इथे दाट पुंजका, तिथे काहीच नाही. म्हणून नियमातच सांगितले आहे की गाठीची कड पाहावी, तिथला सर्वांत जास्त विभाजन दिसणारा भाग शोधावा आणि मोजणी तिथे करावी. या भागाला हॉटस्पॉट म्हणतात. गाठीच्या सर्वांत आक्रमक भागाकडे दुर्लक्ष होऊ नये, हा त्यामागचा विचार.

सूक्ष्मदर्शकही सगळे सारखे नसतात. एकाच्या क्षेत्राचा व्यास ०.४४ मिलिमीटर असतो, दुसऱ्याचा ०.५९. आकड्यांत फरक थोडा वाटतो, पण क्षेत्रफळ जवळपास १.८ पट होते. म्हणून दोघांसाठी वेगवेगळी कोष्टके आहेत. समजा, दहा क्षेत्रांत १२ विभाजित पेशी सापडल्या. लहान क्षेत्राच्या सूक्ष्मदर्शकावर त्याला ३ गुण मिळतात, मोठ्या क्षेत्राच्या सूक्ष्मदर्शकावर २. बारा हा आकडा तोच, अर्थ वेगळा. हा घोळ टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात मोजणी प्रति चौरस मिलिमीटर सांगण्यावर भर दिला आहे.

सुईने घेतलेल्या बायोप्सीत हा प्रश्न आणखी वाढतो. सुईत येतात मांसाचे दोन-चार बारीक धागे. हॉटस्पॉट त्यांत सापडेलच असे नाही. त्यामुळे सुईच्या बायोप्सीत विभाजनाचा गुण कमी भरतो आणि शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गाठ तपासल्यावर ग्रेड वाढलेला दिसतो, असे अनेकदा होते. अशा वेळी घरच्यांना वाटते, ‘पहिल्या डॉक्टरांनी फसवले’ किंवा ‘ऑपरेशनने आजार वाढला’. दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिल्यांदा गाठीचा छोटा भाग पाहिला होता, नंतर पूर्ण गाठ पाहिली, एवढाच त्याचा अर्थ असतो.

पुंजके का होतात?

पेशींना ऑक्सिजन आणि अन्न रक्तातून मिळते. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन मांसात साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतका. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगात हे दाखवले : रक्तपुरवठ्याच्या जवळ जिवंत पेशींचा थर, आणि त्यापलीकडे मेलेल्या पेशी. १९६८ मध्ये इयन टॅनॉक यांनी उंदराच्या स्तनातल्या गाठीवर काम करून दाखवले की रक्तवाहिनीच्या जवळच्या पेशी जास्त विभाजित होतात आणि जसजसे दूर जावे तसतसे विभाजन मंदावते.

माणसाच्या स्तनातही हे साध्या काचपट्टीवर दिसते. कर्करोग दुधाच्या नळीच्या आतच आहे, बाहेर पडलेला नाही, अशा अवस्थेच्या एका प्रकारात नळीच्या कडेला जिवंत पेशी आणि मध्यभागी मेलेल्या पेशींचा लगदा दिसतो. रक्तवाहिन्या नळीच्या बाहेर असतात, मध्यापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही.

दुसरे कारण, गाठीतल्या सगळ्या पेशी एकसारख्या राहत नाहीत. एका पेशीपासून सुरुवात झाली तरी वाढता वाढता त्यांच्या जनुकांत नवे बदल होतात. एखाद्या कुळाची वाढ वेगात होते, दुसऱ्याची संथ. एकाच गाठीत अशी वेगवेगळी कुळे शेजारी शेजारी नांदतात. तिसरे कारण आजूबाजूची वस्ती. गाठीत फक्त कर्करोगाच्या पेशी नसतात. आधार देणारे तंतू, ते तयार करणाऱ्या पेशी, रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी असे पुष्कळ काही असते. त्यांच्याकडून मिळणाऱ्या संदेशांनी कुठे वाढीला बळ मिळते, कुठे लगाम बसतो.

बुद्धांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात ऐकतो : कुठलीही गोष्ट आपोआप, एकटी घडत नाही, कारणे आणि परिस्थिती जुळली की घडते. पेशीशास्त्र बुद्धांनी आधीच सांगून ठेवले होते, असला दावा आम्ही करणार नाही. अशा दाव्यांनी धम्म मोठा होत नाही आणि विज्ञानही होत नाही. पण कारण शोधण्याची जी सवय धम्माने लावली, तिचा इथे उपयोग होतो, एवढे नक्की.

रिपोर्टवरचे ‘की-६७’

रिपोर्टच्या पुढच्या पानावर ईआर, पीआर, हर-टू या चाचण्यांसोबत ‘की-६७’ आणि त्यापुढे टक्केवारी असते. की-६७ हे पेशीतले एक प्रथिन आहे. विश्रांती घेणाऱ्या पेशीत ते आढळत नाही, विभाजनाच्या कुठल्याही टप्प्यात असलेल्या पेशीत आढळते. १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात संशोधकांनी त्याला ओळखणारा प्रतिपिंड शोधला. नावातले ‘की’ त्या शहराचे आणि ‘६७’ त्यांच्या प्रयोगातल्या खाचेचा क्रमांक. या चाचणीत अशी केंद्रके तपकिरी दिसतात. सूत्री विभाजन मोजताना फक्त शेवटच्या तासाभरातली पेशी सापडते, की-६७ मध्ये तयारीला लागलेल्या पेशीही सापडतात. म्हणून हा आकडा नेहमी मोठा असतो. तो पाहून घाबरू नये.

इथेही जागेचा प्रश्न आहेच. हॉटस्पॉटमध्ये मोजले तर ३५ टक्के, संपूर्ण काचपट्टीची सरासरी काढली तर १५ टक्के, असे एकाच गाठीत होऊ शकते. शिवाय दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सावध भूमिका घेतली. इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या, हर-टू नसलेल्या, सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगात केमो द्यायची की नाही हे ठरवताना ५ टक्के किंवा त्याहून कमी आणि ३० टक्के किंवा त्याहून जास्त, हे दोनच निष्कर्ष भरवशाचे धरावेत. मधल्या आकड्यांवर एवढा मोठा निर्णय सोपवू नये. तेव्हा कुणाचा की-६७ १८ आणि कुणाचा २२ म्हणून तुलना करत बसण्यात अर्थ नाही.

संगणकाने नकाशा

आता काचपट्टीचे पूर्ण चित्र संगणकावर घेता येते. २०१२ पासून संशोधकांच्या जाहीर स्पर्धा झाल्या. त्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या चित्रांमधून विभाजित पेशी शोधणारे संगणकीय कार्यक्रम एकमेकांशी ताडून पाहिले गेले. संगणक दहा क्षेत्रांवर थांबत नाही, तो सगळी काचपट्टी पाहू शकतो. मग प्रत्येक विभाजित पेशी नकाशावरचा एक ठिपका होते आणि ठिपक्यांची मांडणी मोजता येते.

ब्रायन रिप्ली यांनी १९७० च्या दशकात मांडलेली पद्धत यासाठी वापरतात. प्रत्येक ठिपक्याभोवती ठरावीक अंतराचे वर्तुळ काढायचे आणि आत आणखी किती ठिपके येतात ते मोजायचे. ठिपके नुसते योगायोगाने विखुरलेले असते तर जेवढे आले असते, त्याहून जास्त आले तर पुंजका आहे, कमी आले तर ते एकमेकांपासून अंतर राखून आहेत. जंगलातली झाडे कशी पसरली आहेत, हेही याच पद्धतीने तपासतात.

लिथुआनियातल्या विल्नियसच्या संशोधकांनी काचपट्टीवर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी टाकली आणि प्रत्येक घरातला की-६७ वेगळा मोजला. काही गाठींत घरांचे दोन गट पडले, एक संथ आणि एक वेगवान. हे दुभंगलेपण रुग्ण किती काळ जगतो याच्याशी जोडलेले आढळले, आणि ही माहिती नुसत्या सरासरीतून मिळाली नसती. हे तंत्र अजून मुख्यतः संशोधनात आहे. आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात आजही सारे काही पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांवर आणि नीट जपलेल्या तुकड्यावर अवलंबून आहे.

सरासरीत लपलेले

वर पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट कार्यकर्त्यांना नवी वाटणार नाही. राज्याच्या सरासरीत आपल्या वस्त्या दिसत नाहीत. जिल्ह्याचा आकडा बरा असतो आणि नाल्याकाठच्या एका वस्तीत मात्र आजार दाटलेला असतो. तिथे जाऊन पाहिल्याशिवाय तो कळत नाही.

मुंबईत असे जाऊन पाहिले गेले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, हातांनी स्तनांची तपासणी केली. मॅमोग्राफीचे महागडे यंत्र वापरले नाही. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण तुलनेच्या गटात ४७ टक्के होते, तर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीखालच्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये तसा ठोस फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

हे पूर्वजन्मीचे पाप नाही

आपल्याही समाजात अजून कुणीतरी म्हणतेच, ‘मागच्या जन्मीचे भोग आहेत.’ हे ऐकून आजारी बाई गप्प होते, गाठ लपवते. संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात हाच प्रश्न बुद्धांना विचारला गेला आहे : माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच का? बुद्धांनी ते नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतूतले बदल अशी शरीराची आणि परिस्थितीची कारणे त्यांनी समोर ठेवली. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही कल्पना बुद्धांच्या विचाराशी विसंगत असल्याचे मांडले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात आजारी बाईला तिच्या पापाचा हिशेब विचारला जात असेल, तर तो आपला पराभव आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

एक, दुखत नाही म्हणून गाठीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गाठ, त्वचेवर खळी, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात तपासणी. तीस वर्षांपुढच्या स्त्रियांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आपल्या भागातल्या आशा ताईंना विहारात बोलवा.

दोन, बायोप्सीचा तुकडा नातेवाइकाच्या हातात देऊन लॅबला पाठवतात, असे अनेक ठिकाणी होते. डबीत फॉर्मलिन आहे ना, तुकडा त्यात पूर्ण बुडाला आहे ना, तो कधी काढला याची वेळ लिहिली आहे ना, हे नम्रपणे विचारा. डबी घरी ठेवू नका, त्याच दिवशी पोहोचवा.

तीन, रिपोर्टमध्ये फक्त ‘ग्रेड’ नव्हे, तीनही गुण वेगवेगळे लिहिले आहेत का ते पाहा. ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या झाल्या आहेत का ते पाहा. नसतील तर डॉक्टरांना विचारा.

चार, रिपोर्टसोबत ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या आणि जपून ठेवा. मोठ्या कर्करोग रुग्णालयात गेल्यावर त्या मागतात, कारण तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पाहून खात्री करतात. ब्लॉक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, मेण वितळते.

पाच, पैशांअभावी उपचार थांबू देऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा.

सहा, ‘ग्रेड ३ म्हणजे संपले’ असे कुणी म्हणाले तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. पण ‘काही होत नाही’ असा पोकळ धीरही देऊ नका. ग्रेड हा उपचार ठरवण्याचा एक आधार आहे. निर्णय कर्करोगतज्ज्ञांचा, आणि तो समजून घेण्याचा हक्क त्या बाईचा.

अंगावर घाण साचलेल्या आजारी भिक्खूला बुद्धांनी आनंदासोबत स्वतः न्हाऊ घातले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. आज रुग्णसेवेत हेही आले की रिपोर्ट वाचता यावा, योग्य प्रश्न विचारता यावा, आणि मावशीला, ताईला, आईला वेळेत योग्य दारापर्यंत नेता यावे. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. पुरुषांनीही बसावे. घरातली बाई दवाखान्यात कधी जाईल, हे अजूनही बऱ्याच घरांत त्यांच्याच हो-नाहीवर ठरते.

जय भीम!